गॉथ आणि गोठ

वेषभूषा आणि प्रसाधन हा आपल्याकडे गंभीर लेखाचा विषय मानला जात नाही. दुष्काळ, ग्रामीण साहित्य, संत जनाबाई या विषयांवर आपण वार्षिकांकात लिहितो, आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु सकाळी आरशासमोर उभी राहून 'आज अंगावर काय घालू?' असा विचार करणारी मुलगी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत असते, हादेखील अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे मला वाटते. प्रस्तुत लेखात मी 'गॉथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य वेषभूषेचा विचार करणार आहे. ती कोठून आली, तिच्यातले आपण काय घ्यावे आणि काय सोडावे, आणि परभणी जिल्ह्याच्या उन्हात व माणसांत ती सुरुचीने कशी वागवावी, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

हा शब्द मला प्रथम भेटला तो इंग्रजीच्या तासाला. सरांनी 'गॉथिक कादंबरी' म्हणून फळ्यावर दोन नावे लिहिली. होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) आणि मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८). जुने वाडे, अंधार, वादळ, मृतांची चाहूल असा हा साहित्यप्रकार. 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची होती हे सरांनी जाता जाता सांगितले, आणि वर्गातल्या आम्हा मुली एकमेकींकडे पाहू लागलो. पुढे मोबाइलवर त्याच नावाची वेषभूषा पाहण्यात आली. काळे कपडे, काजळाने भरलेले डोळे, गडद ओठ, चांदीचे दागिने, जाळीची वस्त्रे आणि चेहरा मात्र पांढराफटक. वर्गातली कादंबरी आणि या मुलींचे डोळे यांचा संबंध काय, या कुतूहलातून हा अभ्यास सुरू झाला. घरी विषयाचे नाव सांगितले तेव्हा आज्जी म्हणाली, "गोठ? हातातले गोठ का? ते तर मोडून बी कैक वर्षं झाली." गोठ म्हणजे मनगटात घालायचे भरीव कडे. तरुण वाचकांना कदाचित ते ठाऊक नसेल, म्हणून सांगितले. आज्जीने केलेला हा घोटाळा मला इतका आवडला की तोच लेखाचे शीर्षक झाला.

आता शब्दाचा इतिहास. गॉथ ही युरोपातील एक जर्मन वंशाची जमात. इ. स. ४१० मध्ये अलारिक या राजाच्या नेतृत्वाखाली तिच्यातील व्हिसिगॉथ शाखेने रोम शहर लुटले. तेव्हापासून 'गॉथ' म्हणजे रानटी, असंस्कृत, असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वानांना मध्ययुगातील उंच, टोकदार कमानींच्या इमारती आवडत नव्हत्या. त्यांनी त्या वास्तुशैलीला हेच नाव शिवीसारखे चिकटवले. म्हणजे 'गॉथिक' हा मुळात निंदेचा शब्द. पुढे त्याच इमारतींच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या भयकथांना तो लागला, आणि शेवटी कपड्यांना. ज्या शब्दाने नावे ठेवली तोच शब्द पुढच्या पिढीने अभिमानाने अंगावर मिरवावा, हे भाषेच्या इतिहासात पुष्कळदा घडलेले आहे.

वेषभूषा म्हणून गॉथचा उगम इंग्लंडमधील संगीतात आहे. १९७६ मध्ये 'सूझी अँड द बनशीज' हा वाद्यवृंद निघाला. त्यातील गायिका सूझी हिचे कोपऱ्यापर्यंत ओढलेले काळे डोळे पुढे हजारो मुलींनी गिरवले. १९७९ मध्ये 'बाउहाउस' या वृंदाची 'बेला लुगोसीज डेड' ही ध्वनिमुद्रिका आली. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातील नट. १९८२ मध्ये लंडनला 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाचा क्लब उघडला आणि तेथे जमणाऱ्या मंडळींच्या वेषाला निश्चित रूप आले. या वेषाने बरेच काही आणखी जुन्या काळातून उचलले होते. १८६१ साली पती प्रिन्स आल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने काळी वस्त्रे धारण केली ती १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवली नाहीत. राणीचे पाहून समाजात शोकवस्त्रांची रीतच पडली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी सापडणाऱ्या 'जेट' नावाच्या काळ्याभोर खनिजाचे दागिने घरोघरी गेले. याच व्हिटबीत ब्रॅम स्टोकर यांनी 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीतील काही प्रसंग घडवले. थोडक्यात, गॉथ पोषाखाचा काळा रंग हा मुळात विधवेचा काळा रंग आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडे गॉथिक आले ते कपड्यांच्या किती तरी आधी, दगडात. देवगिरी एक्सप्रेसने सकाळी आपण मुंबईला ज्या स्थानकात उतरतो ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेली गॉथिक इमारत. तिचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. युनेस्कोने २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गाडीतून उतरलेला आपला माणूस पिशव्या सांभाळत बाहेर पडतो, वर पाहत नाही. वर पाहिले तर लक्षात येते की कमानी इंग्लंडच्या धर्तीच्या असल्या तरी त्यांवर मोर आहेत, माकडे आहेत, इथली झाडेपाने आहेत. हे नक्षीकाम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, म्हणजे आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या. त्यांच्यापुढे विलायती नमुना होता. त्यांनी तो घेतला आणि त्यात मोर बसवला. गॉथ वेषभूषेच्या बाबतीत आपण हेच करावे, असे माझे म्हणणे आहे.

मोर बसवायचा तर आधी आपल्या घरातला काळा रंग कोठे कोठे आहे ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे काळा अशुभ, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. लग्नकार्यात काळे चालत नाही, हे खरे. पण जिच्या नावाने मराठीत इतक्या ओव्या आणि गाणी झाली ती चंद्रकळा काळीच असते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी घेतात आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. काळ्या कापडावर पांढरे खडे असे काही उठून दिसतात की विलायती जाळी त्यापुढे फिकी पडावी. लहान मुलाच्या बोरन्हाणालाही काळेच झबले. गोदावरीच्या वरच्या अंगाला आपल्याच मराठवाड्यात पैठण आहे. तेथील पैठणीत काळ्या अंगाची आणि लाल काठाची 'काळी चंद्रकळा' हा एक प्रतिष्ठित प्रकार आहे. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी काळी, आणि तिला रंग द्यावा लागत नाही. दख्खनी मेंढीची लोकरच तशी. पंढरीचा विठ्ठल काळा. आपल्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे काळ्या पाषाणाची. शेत काळे, आणि शेतालाच आपण 'काळी' म्हणतो.

अंगावर येऊ या. तान्ह्या बाळाच्या गालाला तीट, मनगटात काळे मणी, कमरेला काळा दोरा. बायकांच्या डोळ्यांत काजळ. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सवाष्णीच्या गळ्यातील काळी पोत. सोने नसले तरी चालते, पण काळे मणी हवेतच. दृष्ट लागू नये, वाईट दूर राहावे, म्हणून हा काळा रंग. तो राखण करणारा आहे.

येथे राणी व्हिक्टोरियाकडे परत जाऊ. तिचा नवरा गेला आणि तिच्या अंगावर काळे आले. माझे आजोबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. त्या दिवशी आज्जीच्या गळ्यातली काळी पोत काढली, आणि त्यानंतरच्या संक्रांतीला तिने पेटीतली चंद्रकळा माझ्या काकूला देऊन टाकली. एकीकडे दुःखात काळा रंग चढवतात, दुसरीकडे दुःखात तो उतरवतात. या लेखासाठी मी आज्जीला मुद्दाम विचारले, "आज्जी, काळ्या रंगाचं तुला काय वाटतं?" ती वाती वळीत होती. म्हणाली, "काय वाटायचं? आमचं काळं काढून घेतलं बघ लोकायनी." मग बराच वेळ काही बोलली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. मी हे आज्जीला वाचून दाखवले. "आपल्या गावात बी वाचून दाखव म्हणावं सरपंचाला," एवढेच तिचे उत्तर.

सांगायचा मुद्दा असा की काळा रंग जन्मतः शोकाचाही नाही आणि सौभाग्याचाही नाही. माणसे त्याला अर्थ देतात. त्यामुळे लंडनच्या मुलीचा काळा वेष जसाच्या तसा उचलला तर आपण कपडे घेऊ, पण त्यातला अर्थ येथे कोणाला वाचता येणार नाही. पहिल्यांदा मी काळा कुर्ता, काळी ओढणी आणि डोळ्यांत भरपूर काजळ अशी निघाले तेव्हा बसस्थानकावर गावातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, संक्रांत लवकर आली का औंदा?" इंग्लंडात त्यांनी 'कोण गेलं?' असे विचारले असते. मला मावशींचा प्रश्न अधिक आवडतो.

आता लेखातील सर्वांत अवघड भाग. गॉथ प्रसाधनात चेहरा पांढरा करतात. त्याची कारणे उघड आहेत. मृत, भूत, रक्तपिपासू ड्रॅक्युला यांचा तो रंग. शिवाय जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील नट्यांचे पांढरे चेहरे आणि काळे डोळे यांची ती आठवण आहे. मुळात गोऱ्या असलेल्या समाजात पांढरेफटक दिसणे म्हणजे प्रकृतीच्या विरुद्ध दिसणे, निरोगी गुलाबी सौंदर्याला नकार देणे. त्यात बंड आहे. पण आपल्याकडे चेहरा पांढरा करणे हे बंड कसे होईल? ते तर आपल्याकडे घराघरांत चालते. एका गोरेपणाच्या क्रीमचे नाव १९७५ पासून आपल्या बाजारात 'फेअर अँड लव्हली' होते. २०२० मध्ये कंपनीने त्यातला 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' केला. नाव बदलले, मुलगी पाहायला येणाऱ्यांचे डोळे मात्र आहेत तिथेच आहेत.

मी सावळी आहे. स्पष्टच लिहायचे तर काळी आहे. लहानपणापासून मला एक वाक्य ऐकू येत आले आहे, आणि माझ्यासारख्या वाचक मैत्रिणींनाही ते पाठ असेल: "हिला काळं घेऊ नका, आधीच रंग तसा आहे." दिवाळीच्या कापडाला मला नेहमी फिकट गुलाबी किंवा लिंबू रंग मिळाला. त्या रंगांनी मी उजळ दिसत असे, असे कोणालाही कधी वाटल्याचे मला आठवत नाही. काळा रंग गोऱ्या मुलीने घातला तर 'खुलून दिसते' आणि काळ्या मुलीने घातला तर 'त्यातच मिसळून जाते', असा हा न्याय. म्हणून माझ्या दृष्टीने येथील खरा गॉथ वेष म्हणजे सावळ्या मुलीने चेहरा आहे तसा ठेवून काळा रंग घालणे. ज्या गोष्टीने नावे ठेवली तीच अंगावर घेणे, हा या शब्दाचाच इतिहास आहे.

माझ्या आईचे मत वेगळे आहे आणि ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. ती म्हणते, "तुझं बरोबर असंल, पण पुढच्या वर्षी पाहुणे येऊ लागले की तवा मी काय सांगू?" आई शाळेत चौथीपर्यंत गेली. माझ्या शिक्षणासाठी तिने काय काय केले हे मी लिहीत बसत नाही. तिची भीती कपड्यांची नाही. आपण पोरीला शिकवून बिघडवली असे लोक म्हणतील याची आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे माझ्या काजळाच्या रेघेवरून लोक सगळ्या शिक्षणाचाच हिशेब करतात. आमच्यात अजून यावर एकमत झालेले नाही. तूर्त असे ठरले आहे की गावात मी काजळ बेताचे घालायचे आणि तिने माझ्या काळ्या कपड्यांना पेटीच्या तळाशी दडवायचे नाही.

'वेषाने काय होते?' असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक हकीगत. इंग्लंडमधील लँकशायरमध्ये ऑगस्ट २००७ मध्ये सोफी लँकास्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र एका बागेत असताना मुलांच्या टोळक्याने त्यांना बेदम मारहाण केली. दोघांचा गॉथ वेष हेच कारण. मित्र वाचला, सोफी दोन आठवड्यांच्या आत मरण पावली. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून घडलेला गुन्हा म्हणून करायला सुरुवात केली. ज्या देशात हा वेष जन्मला तेथेही तो घालणे सोपे नव्हते, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आता प्रत्यक्ष प्रसाधनाकडे वळू. माझ्या मते पहिला मान डोळ्यांचा. काजळ ही आपल्या हातातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुनी वस्तू. आज्जीच्या पद्धतीत एरंडेल तेलाचा दिवा लावून त्यावर पितळेची ताटली पालथी धरतात आणि वर जमलेली काजळी थेंबभर तुपात कालवतात. हे काजळ मऊ असते आणि बोटाने पसरते. पापणीच्या कडेबाहेर धुरासारखी छटा आणायला ते फार उत्तम. डोळ्यांच्या आत घालायला मात्र मी बाजारातील चांगल्या प्रतीची काजळकांडी वापरते, कारण घरच्या काजळीत काय काय पडलेले असते याचा नेम नाही. तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे डॉक्टर सांगतात तेही याच कारणाने. परभणीच्या तुरत पीरबाबांच्या फेब्रुवारीतील उरुसासारख्या यात्राजत्रांतून सुट्या सुरम्याच्या पुड्या घेण्याआधी थोडे थांबावे. सुरम्याच्या चमकदार काळ्या दगडात पुष्कळदा शिशाचे खनिज असते आणि शिसे शरीरात साठत जाते. प्राचीन इजिप्तमधील लोकही हेच खनिज डोळ्यांना लावीत. प्राचीन आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

रेघ ओढताना वरच्या पापणीच्या मुळाशी जाड आणि बाहेरच्या कोपऱ्याशी निमुळती करावी. खालच्या पापणीला काजळ लावून ते बोटाने किंचितच पुसावे. आपल्याकडे घाम फार, त्यामुळे दुपारपर्यंत काजळ गालावर उतरते. त्यावर उपाय म्हणजे डोळ्यांखालचे तेल रुमालाने टिपून तेथे अगदी चिमूटभर पावडर लावणे. चिमूटभरच. सावळ्या त्वचेवर पांढरी पावडर जास्त झाली की ती राखेसारखी करडी दिसते. गेल्या स्नेहसंमेलनात दोघीतिघींचे चेहरे असे झाले होते, आणि मागच्या रांगेतून ज्या आरोळ्या आल्या त्या येथे छापण्यासारख्या नाहीत.

ओठांना निव्वळ काळा रंग मला पटत नाही. आपल्या भागात मिस्री लावणाऱ्या बायकांचे काळे ओठ आणि दात आपण रोज पाहतो. त्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. मला ती आठवण ओठांवर नको. जांभळाचा, पिकलेल्या करवंदाचा, वाळल्या कोकमाचा रंग सावळ्या चेहऱ्यावर फार खोल दिसतो. एक नियम मात्र पाळावा. डोळे गडद असतील त्या दिवशी ओठ साधे, आणि ओठ गडद असतील त्या दिवशी डोळ्यांत फक्त एक रेघ. दोन्ही एकदम केले तर चेहरा बोलत नाही, ओरडतो. सुरुची म्हणतात ती मला तरी एवढ्यातच सापडली.

कपड्यांविषयी पहिला आक्षेप उन्हाचा येतो. परभणीचा पारा मे महिन्यात बेचाळीसच्या वर चढतो. तेथे काळे कपडे म्हणजे भट्टी, असे सारे म्हणतात. यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक गमतीदार संशोधन प्रसिद्ध झाले होते. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. संशोधकांना असे आढळले की काळा झगा उष्णता जास्त शोषतो हे खरे, पण झगा सैल असल्यामुळे कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचत नाही. अंगाला लागणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच भरते. तेव्हा महत्त्व आहे ते सैलपणाला. विलायती गॉथ वेषातील घट्ट, चामड्याची, मखमलीची वस्त्रे येथे बाद. सुती, सैल, कोपरापर्यंत बाहीचा कुर्ता आणि मलमलची ओढणी हे आपले वस्त्र. हिवाळ्यात मात्र हौस करून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत येथील कृषी विद्यापीठात मोजलेले तापमान कधी कधी पाच अंशांच्या खाली जाते, आणि तेव्हा काळ्या शालीला कोणीच नावे ठेवीत नाही. काळ्या खणाची चोळी आणि साधी काळी साडी हा वेष तर मला कोणत्याही परदेशी पोषाखापेक्षा अधिक गॉथ वाटतो. त्या वेषात नऊवारीतल्या जुन्या छायाचित्रातून उठून आल्यासारखे दिसते. नारायण धारपांच्या कथेत ते शोभले असते.

दागिने चांदीचे. सोने काळ्यावर चांगले दिसते, पण त्याने सणाचा भास होतो. चांदीने रात्रीचा होतो. येथे आज्जीचे गोठ उपयोगी पडतात. खरे गोठ मोडले असले तरी आठवडी बाजारात काळपट केलेल्या धातूचे, जुन्या घडणीचे कडे, तोडे, जोडवी मिळतात. खरी चांदी कोणाकडे असेल तर ती उगाच घासून लख्ख करू नये. चांदीवरचा काळेपणा हा हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे येतो. उंच भाग पुसून खोलगट नक्षीत तो काळेपणा राहू दिला की नक्षी स्पष्ट वाचता येते. कवट्या, वटवाघळे, क्रूस यांचे लोलक मी वापरत नाही. क्रूस हे कोणाच्या तरी श्रद्धेचे चिन्ह आहे. केवळ शोभेसाठी ते गळ्यात घालणे मला बरे वाटत नाही. लग्नकार्यातही मी काळे घालत नाही. अशुभ म्हणून नव्हे. तो दुसऱ्याचा दिवस असतो आणि त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळाव्यात असे मला वाटत नाही.

शेवटी काळ्या कपड्याची निगा, कारण विटका काळा रंग या साऱ्या वेषाची शोभा घालवतो. स्वस्त काळे कापड चार धुण्यांत हिरवट किंवा तांबूस होते. कपडा उलटा करून थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात धुवावा आणि सावलीत वाळवावा. तरीही विटलाच तर घरी रंगवता येतो. काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा आणि हिराकस मिळते. जुन्या काळी शाईही यांचीच करीत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. सुती कुर्ता स्वच्छ धुऊन हिरड्याच्या उकळून गाळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा, सकाळी पिळून हिराकशीच्या पातळ पाण्यात बुडवावा आणि काठीने हलवत राहावे. डोळ्यांदेखत करडा, मग निळसर, मग काळा होत जातो. हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकाचे भांडे मुळीच घेऊ नये. हिराकस बेतानेच घालावी. ती जास्त झाली तर कापड काही महिन्यांत कुजते. नंतर कुर्ता भरपूर पाण्यात खळबळून काढावा. पाणी नितळ निघू लागले की रंग बसला असे समजून तो सावलीत दोरीवर टाकावा.